घरगुती ईव्ही चार्जर वापरात नसताना घेत असलेल्या विजेबाबत तक्रार

पुणे
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चार्जरचा स्टँडबाय वीजवापर माहितीपत्रकात छापल्याच्या चौपट असणे आणि तपासणीच्या जॉब कार्डवर चुकीची नोंद होणे.

महोदय / महोदया,

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी आपल्या कंपनीचा ७.४ किलोवॅट क्षमतेचा, भिंतीवर बसवायचा चार्जर विकत घेतला. आमच्या सोसायटीची लेखी परवानगी घेऊन तो तळघरातील पार्किंगमध्ये बसवला असून त्याची केबल मीटर रूममधून, माझ्या घराच्याच मीटरवरून, स्वतंत्र एमसीबी (बिघाड झाल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) लावून नेलेली आहे. गाडी चार्ज करण्याच्या कामात या चार्जरने दीड वर्षात एकदाही दगा दिलेला नाही, हे मी सुरुवातीलाच नमूद करते. माझी तक्रार आहे ती गाडी जोडलेली नसताना तो जी वीज घेतो तिच्याबद्दल, आणि त्याहूनही अधिक, त्याविषयी विचारल्यावर मला जी उत्तरे मिळाली त्यांच्याबद्दल.

आपल्या माहितीपत्रकातील तांत्रिक तपशिलांच्या तक्त्यात ‘स्टँडबाय वीजवापर : ३ वॅटपेक्षा कमी’ असे छापलेले आहे. चार्जर निवडताना मी तीन कंपन्यांची माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचली होती आणि बाकीच्या दोघांनी हा आकडा दिलाच नव्हता. आपण तो दिला, म्हणून आपल्यावर विश्वास ठेवला.

यंदा १० मे रोजी आम्ही गाडी घेऊन कोकणात गावी गेलो आणि ३१ मे रोजी परत आलो. निघताना फ्रिज रिकामा करून घरातला मेन स्विच बंद केला होता आणि सवयीप्रमाणे मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवला होता. परत आल्यावर पाहिले तर मीटर ६ युनिटने पुढे सरकलेला होता. घर बंद, गाडी आमच्याबरोबर. त्या मीटरवर चालू राहिलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे आपला चार्जर. २१ दिवसांचे ५०४ तास होतात. ६ युनिट म्हणजे ६००० वॅट-तास. भागाकार केला तर उत्तर जवळजवळ १२ वॅट येते.

एका निरीक्षणावर विसंबून कोणावर दोषारोप करू नये, असे मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांना सांगत आले. म्हणून जूनमध्ये मी दुसऱ्या पद्धतीने मोजमाप केले. माझ्या मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला ३२०० स्पंदने असे लिहिलेले आहे, म्हणजे त्यावरचा लहान लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पूर्ण होते. घरचा मेन स्विच बंद ठेवून आणि फक्त चार्जरचा एमसीबी चालू ठेवून, मी मीटर रूममध्ये खुर्ची टाकून बसले आणि लागोपाठ वीस लुकलुकण्यांना लागलेला वेळ घड्याळावर मोजला. तो ३१ मिनिटे २० सेकंद भरला, म्हणजे दर ९४ सेकंदांनी एक लुकलुक. याचाही हिशेब १२ वॅटच होतो. चार्जरचा एमसीबी पाडल्यावर दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबला. त्यानंतर ॲपमधून चार्जरच्या पडद्याचा उजेड सर्वांत कमी करून पुन्हा मोजले, तेव्हा अंतर १०७ सेकंदांवर गेले, म्हणजे वापर १०.५ वॅटवर आला. पडद्याच्या उजेडाचा वाटा जेमतेम दीड वॅट आहे. उरलेली वीज आत दुसरे काहीतरी खात आहे.

ते काय असावे याचा माझा अंदाज मी आपल्यासमोर ठेवते. तपासण्याची साधने आपल्याकडे आहेत. चार्जरच्या आत मोबाईल नेटवर्कचे सिम आणि त्यावरून ॲपशी संपर्क ठेवणारा मोडेम बसवलेला आहे. आमच्या तळघरात नेटवर्क जवळजवळ नसतेच, आणि ॲपमध्ये दिवसातून कितीतरी वेळा ‘संपर्क तुटला’ असा संदेश येतो. नेटवर्क क्षीण असले की मोडेम ते शोधत राहतो आणि त्यात जास्त वीज खर्च होते. प्रवासात रेंज नसलेल्या भागात मोबाईलची बॅटरी लवकर उतरते, त्याचे कारण हेच. मी चार्जर कार्ड दाखवून चालू करते, मला त्या मोडेमची गरज नाही. पण तो बंद करण्याची सोय ॲपमध्येही नाही आणि चार्जरवरही नाही. इमारतींमधील बहुतेक चार्जर तळघरातच बसवले जातात, तेव्हा ही अडचण माझ्या एकटीची असण्याची शक्यता कमी वाटते.

आता आपल्याकडून मिळालेल्या उत्तरांविषयी.

दूरध्वनीवर पहिला सल्ला मिळाला तो असा, की चार्जर वापरात नसेल तेव्हा एमसीबी बंद ठेवावा. आमच्या मीटर रूमला कुलूप असते व किल्ली वॉचमनकडे असते. शिवाय एमसीबी हे बिघाडाच्या वेळी वीज तोडणारे संरक्षक साधन आहे, रोज चालू-बंद करायचा दिव्याचा स्विच नव्हे. आणि मुख्य म्हणजे आपल्याच वॉरंटीच्या अटींमध्ये चार्जरचा वीजपुरवठा अखंड चालू असावा असे लिहिलेले आहे. अट पाळली तर वीज वाया जाते आणि सल्ला पाळला तर वॉरंटी धोक्यात येते. यांपैकी ग्राहकाने काय पाळावे, ते आपण मला लेखी कळवावे.

८ जुलै रोजी आपले तंत्रज्ञ आले. त्यांनी ४०० अँपिअर रेंजचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीतला प्रवाह मोजणारा चिमटा, वायरीभोवती लावला, त्यावर शून्य दिसले, आणि त्यांनी जॉब कार्डवर ‘स्टँडबाय करंट शून्य, चार्जर निर्दोष’ अशी नोंद केली. त्या क्षणी चार्जरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि पडदा उजळलेला होता. मी ते त्यांच्या निदर्शनास आणले. २३० व्होल्टवर १२ वॅट म्हणजे एका अँपिअरच्या विसाव्या भागाइतका प्रवाह. ४०० अँपिअरसाठी बनवलेल्या उपकरणावर तो दिसत नाही, जसे धान्याच्या काट्यावर सोन्याची अंगठी ठेवली तर काटा हलत नाही. अंगठीला वजन नाही असा त्याचा अर्थ होत नाही. ते गृहस्थ अतिशय सभ्यपणे वागले आणि जाताना म्हणाले, “काकू, एवढ्याशा विजेने काय होतंय?” त्यांच्यावर माझा राग नाही. योग्य उपकरण न देता त्यांना पाठवणे ही आपली चूक आहे, आणि ती शून्याची नोंद आजही माझ्या नावावरील कागदावर आहे, हे मला मान्य नाही.

एवढ्याशा विजेने काय होते, त्याचा हिशेब देते. एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. १२ वॅटचे वर्षाला १०५ युनिट होतात, म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटहून अधिक. माझी गाडी एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर धावते. तेव्हा वर्षभरात या चार्जरने उभ्या उभ्या खर्च केलेल्या विजेवर मी पुण्याहून निघून नागपूरच्या आसपास पोहोचू शकले असते. मी महिन्याला जेमतेम चारशे किलोमीटर गाडी चालवते, त्यासाठी सुमारे ६० युनिट लागतात आणि ते भरायला चार्जरला नऊ तासही लागत नाहीत. महिन्याच्या ७२० तासांपैकी उरलेले सातशेहून अधिक तास तो नुसता जागा असतो, आणि त्या जागरणात गाडीला लागणाऱ्या विजेच्या सातव्या हिश्श्याइतकी वीज घेतो. महावितरणच्या घरगुती दरांना १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्या आहेत, त्यामुळे हे जास्तीचे युनिट बिलात नेहमी त्या महिन्यात गाठलेल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग पायरीवर जाऊन बसतात. गाडी आल्यापासून माझे बिल काही महिन्यांत थोडक्यासाठी ३०० च्या पुढे गेलेले आहे. महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास जातात. रक्कम मोठी नाही, हे मलाही मान्य आहे. पण मी ही गाडी घेतली ती धूर कमी व्हावा म्हणून, आणि चंद्रपूर-कोराडीला कोळसा जाळून तयार झालेली वीज एका रिकाम्या पार्किंगमध्ये रात्रंदिवस वाया जात असेल, तर मला त्याचे वाईट वाटते. आपले असे एक लाख चार्जर विकले गेले असे धरले, तर छापील आकड्यापेक्षा जास्तीच्या ९ वॅटचे वर्षाला सुमारे ७९ लाख युनिट होतात.

घरातील इतर वस्तूही मी प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरने मोजून पाहिल्या. रिमोटने बंद केलेला टीव्ही अर्धा वॅट घेतो आणि मायक्रोवेव्ह त्याच्या घड्याळासाठी दोन वॅट घेतो. सेटटॉप बॉक्स मात्र बंद दाखवत असतानाही नऊ वॅट घेत होता, म्हणून आम्ही त्याला स्विचबोर्डवरून बंद करू लागलो. चार्जर या सर्वांच्या वर आहे, आणि तोच एक असा आहे की जो हाताशी असलेल्या स्विचने बंद करता येत नाही.

हे तंत्रज्ञानाला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच स्टँडबायमध्ये एका वॅटचे उद्दिष्ट जगापुढे ठेवले, आणि युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती व कार्यालयीन उपकरणांसाठी साध्या स्टँडबायची मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली. नेटवर्कशी जोडलेल्या उपकरणांना तिथे वेगळ्या, सैल मर्यादा आहेत, आणि ते नियम माझ्या चार्जरला बांधील नाहीत, याची मला कल्पना आहे. कमी वीज खाणाऱ्या उपकरणांना मानांकन देणाऱ्या अमेरिकेतील एनर्जी स्टार कार्यक्रमात मात्र ईव्ही चार्जर हा स्वतंत्र प्रकार असून गाडी जोडलेली नसतानाचा वीजवापर त्यात वेगळा मोजला जातो. मी तर आपल्याकडे बाहेरच्या कोणत्याही नियमाचा आग्रह धरत नाही. आपण स्वतः छापलेल्या ३ वॅटचा धरते.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. ३ वॅट हा आकडा कोणत्या स्थितीत मोजला, त्या वेळी पडदा आणि मोडेम चालू होते की बंद, याचा चाचणी अहवाल मला द्यावा. अल्प वीजवापर अचूक मोजणारे उपकरण घेऊन तंत्रज्ञ पुन्हा पाठवावा आणि ८ जुलैची नोंद दुरुस्त करावी. मोडेम बंद करण्याची आणि काही मिनिटांनी पडदा आपोआप झोपण्याची सोय सॉफ्टवेअरमधून करून द्यावी. ते शक्य नसेल, तर छापील आकडा पाळणारा चार्जर बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. आणि काहीही झाले तरी माहितीपत्रकातील तो आकडा आजच दुरुस्त करावा, कारण माझ्यासारखे कोणीतरी आजही तीन कागद शेजारी ठेवून तो वाचत असेल.

मीटरच्या दोन्ही रीडिंगचे फोटो, लुकलुकण्याच्या मोजमापाची चित्रफीत, माहितीपत्रकाचे संबंधित पान आणि जॉब कार्डची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तंत्रज्ञ पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे. मीटर रूमची किल्ली मी वॉचमनकडून आणून ठेवीन.

आपली विश्वासू,
(सही)