मुलांना गॉगल लावूनच कोर्टवर सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा संपत आल्या आणि आपल्या अंकात उन्हाळी क्रीडा शिबिरांच्या जाहिराती दिसू लागल्या. गेल्या वर्षी अशाच एका जाहिरातीवरून मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचं नाव बॅडमिंटनला घातलं. त्या शिबिराच्या बाराव्या दिवशी जे झालं ते इतर पालकांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डबल्स चालू होती. लेक नेटजवळ, जोडीदार मागे. फूल (शटलकॉक) हिच्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या मुलीला ते मिळालं का, हे बघायला हिने मान वळवली. तेवढ्यात मागून मारलेला फटका थेट उजव्या डोळ्यात बसला. सरांनी डोळ्यावर पाणी मारलं, बर्फ दाबून धरला आणि पाच-दहा मिनिटांनी "काही झालेलं नाही" म्हणून तिला परत उभं केलं. वरून डोळा फारसा लालही नव्हता, त्यामुळे तीही खेळली. रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "आई, या डोळ्यानं सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसतंय." मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. डोळ्याच्या काळ्या भागात अगदी खाली एक लाल रेघ होती. बाटलीच्या तळाशी गाळ बसावा तसं रक्त बसलं होतं.

असं रक्त पहिल्या चार-पाच दिवसांत पुन्हा सुटू शकतं आणि दुसरा स्राव पहिल्यापेक्षा वाईट असतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग उशा उंच करून पडून राहणं, डोळ्यावर प्लास्टिकची भोकाभोकांची वाटी, थेंब, पळणं-वाकणं बंद. वेदनाशामक गोळीसुद्धा विचारल्याशिवाय द्यायची नाही, कारण अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. नजर परत आली, देवाची कृपा. पण त्या फटक्याने डोळ्याच्या आतल्या द्रवाचा निचरा होण्याचा मार्ग दुखावला आहे. त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा काचबिंदू होऊ शकतो. दरवर्षी डोळ्याचा दाब तपासायचा आहे, आयुष्यभर.

"एवढ्याशा फुलानं काय होतंय?" असं आम्हाला अनेकांनी विचारलं. फुलाचं वजन जेमतेम पाच ग्रॅम, हे खरंच आहे. पण त्याचं बूच साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतं. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरच्या आसपास असल्याने बराचसा मार डोळ्याभोवतीच्या हाडांवर बसतो. बूच मात्र खोबणीत थेट आत शिरतं आणि सगळा फटका बुबुळ झेलतं. भारताचा बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. मुलांचा फटका त्याच्या जवळपासही जात नाही, पण नेटपाशी उभ्या पोराला पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

क्रिकेटमध्ये धोका नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. २००० साली ढाक्यात आशिया चषकात कुंबळेचा चेंडू फलंदाजाच्या पायाला लागून उडाला आणि यष्टिरक्षक सबा करीम यांच्या उजव्या डोळ्यावर बसला. त्यांची कारकीर्द त्यानंतर सावरलीच नाही. आज शाळेतल्या फलंदाजाच्या डोक्यावर तरी हेल्मेट असतं. गल्लीत मात्र ना हेल्मेट ना काही, आणि विटी-दांडूची विटी तर दोन्हीकडून टोकदार.

चष्मा लावणाऱ्या मुलांबद्दल मला जास्त काळजी वाटते. चष्मा आहे म्हणजे डोळा झाकलेला आहे, असं मीसुद्धा समजत होते. नेहमीच्या चष्म्याची काच, मग ती फायबरची का असेना, फटक्याने फुटू शकते आणि तुकडे डोळ्यात जातात. खेळायला पॉलीकार्बोनेटच्या काचांचा, मागे पट्टा असलेला गॉगल लागतो. नंबरचाही करून मिळतो. आमच्या शहरातल्या तीन क्रीडासाहित्याच्या दुकानांत मी विचारलं, तिन्ही ठिकाणी पोहण्याचे गॉगल काढून दाखवले. शेवटी चष्म्याच्या दुकानदाराने मागवून दिला. तिच्या रॅकेटपेक्षा तो स्वस्त पडला. पहिला आठवडा "वाफ धरते, काढू का?" अशी कुरकुर होती. आता तो डोळ्यांवर आहे हेही ती विसरते.

स्क्वॉशमध्ये जागतिक महासंघाने आपल्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धांत असा गॉगल सक्तीचा केला आहे, आणि मुलं तो लावून उत्तम खेळतात. मग आपल्या शिबिरांत आणि शालेय स्पर्धांत निदान बॅडमिंटनच्या डबल्सला हा नियम का असू नये? जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावं, ही विनंती. शिबिरचालकांना त्यासाठी कोणाच्या आदेशाची गरजही नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर बुटांबरोबर गॉगल लिहा. नेटजवळच्या मुलाने मागे वळून बघायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवा.

आणि डोळ्याला लागलंच तर त्या मुलाचा खेळ त्या दिवसापुरता संपला, असं समजा. चोळू नका, दाबू नका. काही रुतलं असेल तर काढायला जाऊ नका, डोळ्याला टेकणार नाही अशा बेताने वर कागदी कप धरा. वरून डोळा कितीही चांगला दिसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

ज्या मुलीच्या फटक्याने हे झालं ती माझ्या लेकीची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिचा काहीच दोष नव्हता. तरी तिने रॅकेट माळ्यावर टाकायला लावली आणि वर्षभर कोर्टचं नाव काढलं नाही. मागच्या रविवारी मी तिच्या घरी दुसरा गॉगल घेऊन गेले. यंदाच्या शिबिरात दोघींची नावं एकत्र घातली आहेत.

– एक आई, सांगली