पहिल्याच पावसात गळलेल्या तंबूबाबत दुसऱ्यांदा तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेला चार जणांचा तंबू पहिल्याच पावसाळी ट्रेकला गळला. तशी तक्रार केल्यावर 'आतले पाणी श्वासातल्या बाष्पाचे आहे, तंबूत दोष नाही' असे दोन ओळींचे उत्तर आले. सोबतचे फोटो कोणी पाहिले असतील असे वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आम्ही सात जण होतो. दिवसभर पावसात डोंगर चढून मुक्कामी पोहोचलो आणि दोन तंबू लावले. एक आपला, दुसरा मित्राचा, बराच जुना. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच जागेवर. बाहेरचे कापड नीट ताणले होते, आतल्याला कुठेही चिकटू दिले नव्हते, वरची झडपही उघडी होती. रात्री अकराच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावली तर डोक्यावरच्या शिवणीला थेंबांची रांग लागलेली, आणि कोपऱ्यातून संततधार. बाहेरच्या कापडाखाली (फ्लायखाली) हात घालून शिवण चाचपली, तर आतल्या बाजूची टेप पापुद्र्यासारखी सुटून बोटाला चिकटली.

श्वासाची वाफ थंड कापडावर सगळीकडे सारखी धरते. ती एकाच शिवणीची रेघ धरून गळत नाही. मित्राचा तंबूही आतून दमट झाला होता, पण तिथे एक थेंब पडला नाही.

पिशवीवर ३००० मिमी छापले आहे, म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा दाब कापड सोसते. कापडाबद्दल माझी तक्रारच नाही. पण शिवताना सुईने पडलेली भोके टेपनेच बुजतात. टेप सुटल्यावर त्या आकड्याचा उपयोग काय?

मध्यरात्रीपर्यंत पिसांच्या दोन स्लीपिंग बॅगा भिजून लगदा झाल्या. ओल्या पिसांत ऊब राहत नाही. आमच्यातली एक मैत्रीण आधी नुसती कुडकुडत होती. मग तिला जॅकेटची चेन लावता येईना, बोलताना जीभ अडखळू लागली. अंगातली उष्णता धोकादायकरीत्या उतरत असल्याचीच ही लक्षणे. तिचे ओले कपडे बदलले, दुसऱ्या तंबूत दोघींच्या मध्ये झोपवले, थोडे थोडे कोमट पाणी पाजले. ती नीट बोलू लागेपर्यंत तास गेला. तो तास मी विसरू शकत नाही. बाकीचे आम्ही तिघे रेनकोट घालून उजाडेपर्यंत बसून होतो. तो जुना तंबू नसता तर तिला घेऊन त्या अंधारात, निसरड्या वाटेने खाली उतरावे लागले असते.

तंबूची पूर्ण रक्कम परत मिळावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच खेपेतल्या इतर तंबूंच्या शिवणी तपासाव्यात आणि ते घेतलेल्या ग्राहकांना पुढच्या पावसाआधी कळवावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

तंबू वाळवून ठेवला आहे. सुटलेली टेप मुद्दाम तशीच ठेवली आहे, तपासणीसाठी केव्हाही न्यावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, शिवणीचे चार फोटो, आपल्या पहिल्या उत्तराची प्रत