वनमंत्री साहेब, माझ्या वावरातल्या ठशांचं काय झालं?

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याला लागून असलेल्या एका गावचा शेतकरी. साडेतीन एकर वावर, एक विहीर, दोन लेकरं. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमाराला गव्हाला शेवटचं पाणी देत होतो, तेव्हा पिल्लंवाल्या अस्वलानं माझ्यावर हल्ला केला. त्याला चौदा महिने झाले. इतके दिवस मी आपल्याला लिहिलं नाही, कारण मी अर्ज करत होतो. अर्जाची पोच मिळते, शिक्का मिळतो, माणूस वाट पाहतो.

गेल्या मंगळवारी मी तालुक्याच्या कार्यालयात नवव्यांदा गेलो. टेबलामागच्या माणसानं फाईल उघडली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग शेजारच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शाळेत गोष्ट नव्हती का भाऊ तुम्हाला, दोन मित्र आणि अस्वल? श्वास रोखून पडून राहायचं ना." दोघं हसले. मी पावती न घेताच बाहेर आलो. एसटी यायला दीड तास होता. स्टँडवर मी तोंडाला रुमाल बांधून बसलो, कारण समोरच्या बाकावर एक लहान मुलगी होती आणि ती मला बघून आईच्या मागे लपत होती. त्या दीड तासात हे पत्र मनात लिहून झालं.

होती ना साहेब गोष्ट. गुरुजींनी आम्हाला ती करून दाखवायला लावली होती. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा जमिनीवर मेल्यासारखा पडतो, अस्वल येतं, हुंगतं आणि निघून जातं. मी पडलेला मित्र झालो होतो. त्या गोष्टीतलं अस्वल दुपारच्या उजेडात समोरून चालत येतं. माझ्या वावरातलं अस्वल धुऱ्यावरच्या बोरीखाली, अंधारात, दांडाचं पाणी पीत होतं. मी फावडं खांद्यावर घेऊन पाणी फिरवायला गेलो. विहिरीवर मोटर चालू होती, त्या आवाजात त्याला माझी चाहूल लागली नाही आणि मला त्याची. अस्वलाची नजर कमजोर, कानही फार तेज नाहीत, त्याचा सगळा कारभार नाकावर. वारा उलटा होता. बॅटरीचा झोत पडला तेव्हा आमच्यात चार-पाच हात अंतर उरलं होतं. पाठीवर दोन काळे गोळे दिसले, ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. श्वास रोखायला आधी श्वास घ्यावा लागतो. तेवढा वेळ तिनं दिला नाही.

डावा डोळा गेला. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली होती. जबडा दोन ठिकाणी मोडला, त्यात पट्ट्या आहेत. नाकाची डावी बाजू मांडीच्या कातडीनं बनवली आहे. ग्रामीण भागातल्या दवाखान्यानं पट्टी बांधून पुढे पाठवलं, पुढच्यानं त्याच्या पुढे. तीन गाड्या बदलून मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चार महिने मला पातळ वरण आणि दूध नळीनं दिलं. अजून भाकरी चुरून खातो. थंडीत जबडा असा ठणकतो की रात्री उठून भिंतीला गाल लावून बसतो. चार लाखांच्या वर खर्च झाला. बैलजोडी गेली, बायकोची पोत गहाण आहे, सोसायटीचं कर्ज थकलं. सहा वर्षांचा धाकटा पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा मला ओळखलं नाही. आवाज ऐकल्यावर ओळखलं. नाटकात काम करणाऱ्या माणसासारखं मी त्याच्याशी पाठमोरा होऊन बोलत होतो.

दवाखान्यात एक साहेब आले होते. फुलं घेऊन आले होते, सोबत फोटो काढणारे होते. माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, तीस दिवसांत पैसे खात्यात." तो आकडा त्यांनी मनानं सांगितला नव्हता. 2023 साली विधिमंडळानं कायदाच केला आहे की वन्यप्राण्यामुळे झालेल्या हानीची भरपाई 30 दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर व्याजासह द्यायची. मृत्यू झाल्यास 25 लाख, कायमचं अपंगत्व आल्यास साडेसात लाख, गंभीर जखमी असल्यास 5 लाख. 30 दिवसांचे आज 420 झाले. अडलंय कुठे? माझी जखम कोणत्या रकान्यात बसवायची, तिथे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर अपंगत्व 30 टक्के धरतात. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींना 40 लागतात. म्हणजे तिथेही मी दहा टक्क्यांनी कमी पडलो. मग एक जण म्हणतो कायम अपंग लिहा, दुसरा म्हणतो गंभीर जखमी लिहा, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत फाईल वर गेली आहे. तिथून ती त्रुटी काढून खाली येते. डोळा परत उगवेल म्हणून थांबलात का साहेब? तो परत येणार नाही. ज्या रकान्यात लिहायचं त्यात लिहा, पण लिहा.

याच्याहूनही जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळी आहे. मार्च महिन्यात त्रुटीचा एक कागद आला. त्यात विचारलं होतं की अर्जदार घटनेच्या वेळी अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना होता का, याचा खुलासा करावा. म्हणजे मी जंगलात लाकूड तोडायला नाहीतर मध काढायला घुसलो होतो आणि वावराचं नाव पुढे करतो आहे, असा आळ. माझ्या पायाखाली माझा सातबारा होता. मला गाडीत घातल्यावर माझ्या धाकट्या भावानं, त्याला कुणी शिकवलं नव्हतं तरी, ओल्या चिखलातल्या ठशांवर घमेली पालथी घातली. घरातली तीन आणि शेजाऱ्याची दोन. गव्हाचं पाणी बंद ठेवलं. दोन दिवस तो तिथे राखणीला बसला. तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. घमेलं उचललं तेव्हा पाच बोटांचा आणि लांब नखांचा ठसा जसाच्या तसा होता, पुढे पट्टी ठेवून फोटो काढले गेले. ते फोटो आता फाईलमध्ये नाहीत. गहू मात्र त्या पाण्यावाचून बारीक पडला.

आमची आजी गणेश चतुर्थीला स्यमंतक मण्याची गोष्ट सांगायची. चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणून श्रीकृष्णावर मण्याच्या चोरीचा आळ आला. मग तो द्वारकेची माणसं सोबत घेऊन रानात गेला. आधी मणी घालून शिकारीला गेलेला प्रसेन मेलेला दिसला, मग सिंहाची पावलं, मग मेलेला सिंह, मग अस्वलाची पावलं, आणि ती पावलं जांबवंताच्या गुहेपर्यंत गेली. आत अठ्ठावीस दिवस झुंज झाली. लहानपणी मला ती झुंजच आवडायची. आता मला त्यातला माग आवडतो. देवालासुद्धा आळ पुसायला अस्वलाचे ठसेच दाखवावे लागले, आणि लोकांनी ते पाहून मान्य केले. जांबवंतानं तर मणीही दिला आणि लेकही दिली. अस्वलाच्या घरी न्याय झाला साहेब. मी माणसांच्या दारात चौदा महिने उभा आहे.

तुम्हाला वाटेल हा माणूस अस्वलावर सूड मागतो आहे. गावानं मागितला होता. दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ जण काठ्या घेऊन नाल्यात उतरले होते. मी शुद्धीवर असतो तर आडवा पडलो असतो. माझ्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा. नाकातून दोर ओवलेला, दात काढलेले, डमरू वाजला की ते जनावर मागच्या पायांवर उभं राहायचं. लेकराची भीती जावी म्हणून आजीनं मला त्याच्या पाठीवर बसवलं होतं, वर त्याच्या केसाचा ताईत गळ्यात बांधला होता. पाचवीपर्यंत तो माझ्या गळ्यात होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अस्वल पाळणं, नाचवणं गुन्हा झालं, पण तो खेळ देशात बंद पडायला 2009 उजाडलं. दवाखान्यात आरशासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला तो दोर आठवला. लाल तापलेल्या सळईनं त्या पिल्लाचं नाक टोचताना तेही असंच ओरडलं असेल. माझं तोंड फाडणारी मादी तिची पिल्लं वाचवत होती. त्या पिल्लाचं नाक टोचणारा माणूस पोटासाठी करत होता. त्या दोघांवर माझा राग नाही, माझा राग ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्यावर आहे.

अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. वाळवी, मुंग्या, मध, बोरं, टेंभरं, मोहाची फुलं हे त्याचं खाणं. माणूस खायला ते येत नाही. मग आमची गाठ पडते कशी? ती रात्री फिरते आणि आम्हालाही रात्रीच फिरायला लावलं आहे. आमच्या वावरांना वीज पुरवणाऱ्या फीडरवर तीन दिवस दिवसा लाइन असते, चार दिवस रात्री. रात्रीची लाइन साडेदहाला येते. मध्ये ट्रिप होते, पुन्हा उठून स्टार्टर दाबायला जावं लागतं. हरबरा, गहू, कांदा, सगळं अंधारात ओलायचं. मला आठवतात ते आमच्या शिवारातले सहा जण अस्वलानं फाडले, त्यातले चार रात्रीच्या पाण्याला गेलेले होते. शेतकऱ्याला दिवसा वीज, असं सौर कृषी वाहिनी योजनेचं बोधवाक्य मी एसटीच्या मागे वाचतो. 2017 ला ती योजना आली, 2023 ला तिची दुसरी आवृत्ती आली. आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, रात्रच आहे.

वीज माझं खातं नव्हे, असं आपण म्हणाल. बरोबर आहे. डोळा आरोग्याकडे, अस्वल वनाकडे, लाइन ऊर्जेकडे, सातबारा महसुलाकडे, कर्ज सहकाराकडे. त्या रात्री त्या अस्वलानं मला एकाच जागी फाडलं होतं, तुम्ही लोकांनी मला पाच कार्यालयांत वाटून घेतलं. प्रत्येक ठिकाणी माझा एक तुकडा पडून आहे आणि प्रत्येक जण म्हणतो, बाकीचे तुकडे आणा मग बघू. आख्खा माणूस कुणाच्या खात्यात येतो? मतदानाच्या दिवशी मी आख्खा असतो, तेव्हा कुणी टक्केवारी विचारत नाही. शहरातल्या एका सिग्नलचा दिवा बंद पडला तर संध्याकाळपर्यंत माणूस चढतो. आमच्या जंगलाच्या कडेला एक दिवा मागितला तर प्रस्ताव लागतो.

2019 साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि सुमारे 3000 किलोमीटर भटकून आमच्या ज्ञानगंगेत आला. आम्हाला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. गळ्यात कॉलर होती, तो केव्हा कुठे होता याचा नकाशा पेपरात आला. त्याला जोडीदारीण आणावी का, यावर चर्चा झाल्या. वाघ आणि अस्वल दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, कागदावर दोघांचा मान सारखा. पण वाघ आला की गाड्या येतात. अस्वल इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तर त्याच्या वाटा कुठल्या, उन्हाळ्यात ते पाण्याला कुठे उतरतं, पिल्लं कोणत्या कपारीत घालतं, हे आम्हा गुराख्यांना विचारायलाही कुणी आलं नाही. आलं असतं तर मी सांगितलं असतं की आमच्या विहिरीवरून त्यांची जुनी वाट आहे. जंगलातले पाणवठे मार्चपर्यंत आटतात आणि दांडाच्या पाण्याचा वास तिला लांबून लागतो. पाणवठे भरा, ती खाली उतरणार नाही. तीन हजार किलोमीटर चाललेल्या वाघाचा ठावठिकाणा तुम्हाला रोज कळत होता आणि तालुक्यातून निघालेली माझी फाईल कुठे आहे हे चौदा महिन्यांत एकालाही सांगता आलं नाही.

मी भीक मागत नाही. कायद्यात लिहिलेले पैसे व्याजासकट द्या. माझ्यावरचा विनापरवान्याचा तो प्रश्न लेखी मागे घ्या, कारण गावात मला आता लोक विचारतात की खरं काय ते सांग. अभयारण्याच्या काठच्या गावांच्या फीडरला पिकांच्या हंगामात दिवसाची लाइन मिळावी म्हणून आपण ऊर्जामंत्र्यांना एक पत्र लिहा, तुम्ही एकाच मंत्रिमंडळात एकमेकांच्या शेजारी बसता. जंगलातले पाणवठे फेब्रुवारीपासून भरत ठेवा. आणि त्या मादीला पिंजरा लावून कुठे नेऊन सोडू नका. तशी मागणी गावातून आपल्याकडे आली आहे, तिच्यावर माझी सही नाही.

सोमवारपासून आमच्याकडे पुन्हा रात्रीची लाइन आहे. एका डोळ्यानं मला अंधारात दांडाचा अंदाज येत नाही, म्हणून मोटर चालू करायला आता माझा पुतण्या जातो. तो 19 वर्षांचा आहे. बोरीपाशी पोचला की तो मोठ्यानं खोकतो आणि पत्र्याचा डबा वाजवतो. डब्याचा आवाज घरापर्यंत येतो. तो थांबला की मी अंगणात येऊन उभा राहतो.

आपला,
ज्ञानगंगेच्या काठचा एक शेतकरी