आधी फक्की मारू द्या, मग काँक्रीट ओता

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शहरातल्या रस्त्यांचे आराखडे पक्के होण्याआधी चित्र, नाटक आणि तंत्रज्ञानाच्या मदतीने त्यांची चाचणी घेण्याबाबत.

महोदय,

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला स्मरणचित्रासाठी विषय दिला : ‘माझा शाळेत येण्याचा रस्ता’. एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेच्या तयारीत मुलं जत्रा, बाजार, बसस्थानक घोटून घोटून काढतात. हा विषय मात्र कुणी घोटलेला नव्हता, त्यामुळे जे कागदावर आलं ते खरं होतं. बहुतेक चित्रांत गाड्या समोरून आणि प्रचंड मोठ्या होत्या. काढणारं मूल चित्रात कुठेच नव्हतं. मुकुंदवाडीहून शेअर रिक्षाने येणाऱ्या एका मुलीने रिक्षा आतून काढली होती. सात गुडघे, एक दप्तर आणि कोपऱ्यात आकाशाची एक चिंधी. त्या चित्राला मी किती गुण द्यावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या चित्रांमुळेच हे पत्र लिहिते आहे.

आमच्या शहरात जालना रोडवर शेंद्रा ते वाळूज उड्डाणपूल आणि मेट्रोची चर्चा कितीतरी वर्षं चालू आहे. वर्तमानपत्रांत त्यांची चित्रं येतात : चकचकीत खांब, वरून धावणारा डबा, खाली रिकामा रस्ता. माणसं त्यात दिसत नाहीत, दिसली तर सावलीसारखी. रस्त्यांच्या आराखड्यांत रस्ता आडवा कापल्यासारखा जो छेद काढतात त्यातही साडेतीन मीटरची एक लेन, मग दुसरी लेन, मध्ये दुभाजक, आणि कडेला उरलं तर पदपथ. आम्हा चित्रकारांना बोलावलं जातं ते सगळं बांधून झाल्यावर. उड्डाणपुलाच्या खांबांवर मोर आणि वारली काढायला. त्याला सुशोभीकरण म्हणतात. माझ्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांची पोटं त्यावर भरतात, म्हणून त्या कामाला मी नाव ठेवणार नाही. पण रस्ता कसा असावा हे ठरत असताना त्या टेबलावर चित्र काढणारा हात नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दरवर्षी मी मुलांना अजिंठ्याला नेते. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक कथा, रंगवलेलं आहे. हद्दपार झालेला राजपुत्र बायकामुलांसह रथात बसून बाजारातून निघाला आहे, आणि चित्रकाराने रथाबरोबर दुकानंही काढली आहेत, दुकानदारही. कथेत पुढे तो मागणाऱ्यांना घोडे देऊन टाकतो, मग रथ देतो, आणि लेकरांना कडेवर घेऊन नवराबायको चालू लागतात. पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात बसून कुणीतरी रस्ता रंगवला, तेव्हा त्याला वाहन, बाजार आणि माणूस एकाच भिंतीवर हवे होते. आमच्या आराखड्यांत एवढं जरी आलं तरी पुष्कळ होईल.

तंत्रज्ञानाचंही सांगते, कारण त्याकडे मी आशेने पाहते. नववीतल्या एका मुलाच्या भावाने पैठण गेटजवळच्या रस्त्याचा फोटो एका चित्र बनवणाऱ्या एआय प्रोग्रॅममध्ये टाकला आणि लिहिलं, ‘हा रस्ता चालण्यासाठी चांगला कर’. काही सेकंदांत चित्र आलं. सुंदर होतं, पण ते आमचं नव्हतं. ट्राम होती, पानगळीतली लाल झाडं होती, सायकलवर गोऱ्या बायका होत्या. दरवाजाची कमान भलत्याच घाटाची झाली होती. रिक्षा, हातगाड्या, रसवंती सगळं गायब. मुलं आधी खूश झाली, मग गप्प झाली. एकाने विचारलं, “मॅडम, यात आपले पप्पा कुठं उभे राहतील?” त्याचे वडील तिथे हातगाडी लावतात.

मग आम्ही ते चित्र मोठं छापून घेतलं आणि त्यावरच पोस्टर कलरने काम केलं. लाल झाडांच्या जागी कडुनिंब आले. ट्राम गेली, शहर बस आली. हातगाड्यांना एक ओळ मिळाली, रिक्षांना सीट भरायला जागा मिळाली. अर्धं यंत्राचं आणि अर्धं हाताचं असं ते चित्र आज आमच्या वर्गात लावलेलं आहे. कल्पना करायला यंत्र मदत करतं, पण कुणाच्या शहराची कल्पना करायची हे त्याला इथल्या माणसांनीच शिकवावं लागतं.

दुसरा प्रयोग सावलीचा. मार्च-एप्रिलमध्ये मुलांनी शाळेपासून बसस्टॉपपर्यंत दर तासाला खडूने सावलीच्या कडा आखल्या, फोनवर फोटो काढले आणि ओपन स्ट्रीट मॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून घेतलेल्या नकाशावर त्या उतरवल्या. त्याच नकाशावर त्यांनी विजेच्या डीपी (वितरण पेट्या), विजेचे खांब, पदपथावर आलेल्या दुकानांच्या पायऱ्याही मांडल्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या शहरावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. सुट्टी असूनही सात-आठ मुलं आली. त्या वेळी इमारतींची सावली भिंतीच्या पायाशी येऊन संपते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सावली उरते ती फक्त झाडाच्या पसाऱ्याखाली, नाहीतर बाहेर आलेल्या छपराखाली. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालणाऱ्याचं छप्पर म्हणजे झाड. रुंदीकरणात जुना निंब जातो तेव्हा रस्त्याचं छप्परच उतरवलेलं असतं, आणि ते कुठल्याही आराखड्यात नोंदलं जात नाही. नोंदलं जावं, एवढी माझी पहिली मागणी आहे. प्रत्येक रस्त्याच्या प्रकल्प अहवालात दुपारचा सावली-नकाशा सक्तीचा करा. फोन आणि खडू एवढ्यावर तो होतो, हे आठवीच्या मुलांनी करून दाखवलं आहे.

दुसरी मागणी फक्कीची. कबड्डीचं मैदान आखायला वापरतो तीच चुन्याची भुकटी. एका रविवारी शाळेसमोरच्या वळणावर आम्ही फक्कीने रुंद पदपथ आखला, वळणाचा कोपरा आत घेतला, कडेला रंगवलेले जुने टायर ठेवले. रिक्षावाले आधी भांडले. तासाभराने त्यांच्यातलेच एक काका म्हणाले, “ताई, सीट भरायची जागा वीस फूट पुढं घ्या, म्हणजे बसच्या आड येणार नाही.” आम्ही टायर हलवले आणि कोंडी सुटली. ही माहिती कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मवर आली नसती. दोन दिवसांत फक्की उडाली. तीच चाचणी तीन महिने करावी म्हणून मी एका कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं, ‘अशा तात्पुरत्या कामासाठी लेखाशीर्ष नाही.’ म्हणजे असा खर्च दाखवायला सरकारी हिशेबात खातंच नाही.

महोदय, ते लेखाशीर्ष उघडा. पुसता येईल, बदलता येईल अशा कामाला पैसा नाही आणि काँक्रीटला आहे, म्हणून चुकासुद्धा काँक्रीटच्या होतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा रस्ता रंग, कुंड्या आणि फक्कीवर चालू द्या. कुणाला अडचण झाली, कुणाची सोय झाली, ते मोजू द्या. मगच निविदा काढा.

हे नवं मुळीच नाही. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत 2022 मध्ये निवडलेल्या 11 शहरांत आपलं शहर होतं, आणि त्या स्पर्धेची पद्धतच आधी चाचणी, मग बांधकाम अशी होती. स्पर्धा संपली की पद्धतही संपते, हे थांबायला हवं. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्ता वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी असा विचार आला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात धरला.

आणि नाटकवाल्यांना विसरू नका. कोलंबियातल्या बोगोटा शहरात अंतानास मोकुस 1995 मध्ये महापौर झाले, आणि त्यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रा पट्ट्यांवर गाडी घालणाऱ्याची ते नक्कल करायचे, आणि दंडापेक्षा लोकांना ती नक्कल लागायची. आपल्याकडे तर पैठणच्या नाथांचं भारूड आहे, आणि पोलिसाच्या वेशात दारी येणारा बहुरूपीही आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून दरवर्षी तरुण मुलं बाहेर पडतात आणि मुंबईची गाडी पकडतात. शासकीय चित्रकला महाविद्यालयही याच शहरात आहे. त्यांना बक्षिसाच्या स्पर्धा नकोत, मानधनाचं काम द्या.

या शहराने 2010 मध्ये एकत्र येऊन एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या होत्या. देशभर बातमी झाली. मला त्या एकीचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. वाळूजला तर तीनचाकी रिक्षा बनतात आणि जगात जातात. एकत्र येण्याची ताकद आणि चाकांचं कसब दोन्ही इथे आहे, हे दाखवण्यासाठीच हे लिहिते.

सुरुवात जालन्यापासून करता येईल. 2023 मध्ये तिथे महापालिका झाली, म्हणजे बरंच काही अजून ठरायचं आहे. पाहिजे तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येईन, दोन पोती फक्की आणि माझी मुलं घेऊन.

सोबत अकरा चित्रं जोडली आहेत. सात गुडघ्यांचं चित्र सगळ्यात वर आहे. ही मूळ चित्रं आहेत, झेरॉक्स नाहीत, म्हणून पाहून झाल्यावर कृपया परत पाठवावीत. ती मुलगी दर सोमवारी विचारते.

आपली विश्वासू,
एक चित्रकला शिक्षिका,
छत्रपती संभाजीनगर