‘त्याग’ पुरे, चित्र दाखवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पोलंडचा चित्रकार-संत ब्रदर आल्बर्ट याच्यावरचा लेख वाचला. मराठीत या माणसावर कुणी पानभर लिहिले, याबद्दल लेखकाचे आभार मानतो. पण ‘कुंचला फेकला, झोळी घेतली’ हे शीर्षक कुणाच्या सुपीक डोक्यातून आले? आणि चित्रकला हा त्याचा ‘तरुणपणीचा छंद’? आडाम ख्म्येलोव्स्की, म्हणजे पुढचा ब्रदर आल्बर्ट, 1863 च्या उठावात रशियनांशी लढताना पाय गमावून बसला आणि लाकडी पायावर म्युनिकच्या अकादमीत जाऊन शिकला. छंदासाठी एवढे कोण करतो? ‘एक्के होमो’ हे ख्रिस्ताचे चित्र त्याने ल्विव्हमध्ये 1879 च्या सुमारास सुरू केले. ते वर्षानुवर्षे त्याच्या हातावेगळे होईना. 1887 मध्ये क्राकूवमध्ये संन्याशाचा करडा झगा चढवून पुढे तो बेघरांच्या निवाऱ्यात राहायला गेला, ते याच चित्रातला ख्रिस्त त्याला तिथे दिसला म्हणून, असे मला वाटते. असो, मी काही संतचरित्रकार नाही.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, त्यामुळे चित्रे सोडण्याचा हा ‘त्याग’ माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. दिवाळीची सुट्टी संपली की आमचा तास गणिताला जायचा. इंटरमीजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेला एक मुलगा होता. हात असा की मला हेवा वाटावा. घरच्यांना दहावीच्या वाढीव गुणांशी मतलब, ते पदरात पडल्यावर त्याची रंगपेटी माळ्यावर गेली. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांनी त्याला मंचावर बोलावून सांगितले, “याने अभ्यासासाठी चित्रे सोडली. मुलांनो, याला म्हणतात त्याग!” टाळ्यांचा कडकडाट. त्या मंचामागचा पडदा रात्री जागून मी रंगवला होता आणि मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. गणित सोडून चित्रे काढू लागलेल्या मुलाचा सत्कार झालेला मी अजून पाहिलेला नाही. असल्यास कळवावे, हार माझ्याकडून.

आता तुमच्या छपाईविषयी. ‘एक्के होमो’मध्ये ख्रिस्ताच्या खांद्यावरचा तांबडा झगा असा ओघळतो की छातीवर हृदयाचा आकार उमटतो. त्या चित्राची सगळी ख्याती तिथे आहे. तुम्ही ते गळ्याशी कापलेत. खाली काय, तर फरशांची जाहिरात! चेहराही शाई सांडल्यासारखा काळा. पासपोर्टला चालला असता म्हणावे, तर तेही नाही.

पुढच्या रविवारी तेच चित्र पूर्ण छापावे. फरशा चार दिवस थांबतील. आणि शब्दकोड्याची उत्तरे गेले तीन आठवडे येत नाहीत, तेवढेही कुणाला तरी सांगावे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, सांगली