पोतोसीची चांदी : विनायकास पत्र

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्पेनच्या राजाने मेक्सिकोच्या विजयातील अत्याचारांबद्दल माफी मागावी, असे मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१९ साली लिहिले आणि माद्रिदने ती मागणी साफ धुडकावली, त्यावरून तू दोन प्रश्न विचारले आहेस. एवढी लूट घरात येऊनही स्पेन पुढे हॉलंड-इंग्लंडच्या मागे का पडला, हा पहिला. आणि इतक्या जुन्या पापाची माफी आज कोणी कोणाची मागायची, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे मला एकाच डोंगरापाशी सापडतात, म्हणून कोलंबस, कोर्तेस, पिसारो ही नेहमीची मंडळी बाजूला ठेवून मी तुला थेट पोतोसीला नेतो.

आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर, जिथे धड गवतही उगवत नाही अशा ठिकाणी १५४५ साली चांदीचा डोंगर हाती लागला आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्याच्या पायथ्याशी दीड लाखाहून अधिक वस्तीचे शहर उभे राहिले. सुरुवातीची उत्तम धातुमाती लवकरच संपली. मग पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या धातुमातीतूनही चांदी काढण्याची युक्ती, जी बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात मेक्सिकोत बसवली होती, ती इथे आणली गेली. पारा आजच्या पेरूमधल्या हुआनकावेलिकाच्या खाणींतून मिळू लागला. चांदी होती, पारा होता, उणीव होती ती माणसांची. ती व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने भरून काढली. इंका राजवटीत मिता नावाची श्रमसेवेची पद्धत होती. तिचेच नाव ठेवून त्याने १५७० च्या दशकात सोळा प्रांतांवर सक्ती केली की प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा पाळीपाळीने वर्षभर पोतोसीला जाईल. दरवर्षी तेरा हजारांहून अधिक माणसे अशी हाकली जात. टिटिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून निघालेले लोक बायकामुले आणि लामांचे कळप घेऊन दोन-दोन महिने चालत. मजुरी ठरलेली होती, हे खरे; पण ती पोटाला पुरत नसे, आणि जायचे की नाही हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या मजुरीला आपण वेठबिगारीच म्हणणार.

होसे दे आकोस्ता नावाचा जेझुइट पाद्री त्या काळी पेरूत होता. १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने खाणीचे जे वर्णन केले आहे, ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कातड्याच्या पिळलेल्या दोरांच्या शिड्या, त्यांना लाकडी पायऱ्या. मजूर घोंगडीची गाठ छातीवर मारून पाठीवर सुमारे तेवीस किलो धातुमाती घेत आणि तिघा-तिघांच्या रांगेने वर चढत. पुढच्याच्या अंगठ्याला एक मेणबत्ती बांधलेली असे, कारण चढायला दोन्ही हात मोकळे हवेत. आत दिवस-रात्र सारखाच अंधार. आकोस्ता काही बंडखोर नव्हता, चांदीच्या या ओघात त्याला ईश्वरी योजनाही दिसत होती. तरी हे त्याने लिहून ठेवले.

आता तुझा पहिला प्रश्न. ही चांदी लामा आणि खेचरांच्या पाठीवरून आरिकाच्या बंदरात, तिथून पनामाच्या संयोगभूमीवरून पलीकडे आणि पुढे शस्त्रसज्ज ताफ्यातून स्पेनमधल्या सेव्हिलला पोहोचे. १५०३ साली स्थापन झालेले व्यापारगृह तिथे प्रत्येक पेटीची नोंद करी. राजाचा पाचवा हिस्सा ठरलेला होता, पण तो बंदराला लागण्यापूर्वीच सावकारांकडे गहाण पडलेला असे. नेदरलँड्समधले युद्ध १५६८ पासून ऐंशी वर्षे धुमसत राहिले, तुर्कांशी आणि इंग्रजांशी झुंजणे वेगळेच, आणि या सगळ्याचा खर्च आधी जर्मन व पुढे जिनोव्हाचे सावकार पुढच्या ताफ्याच्या भरवशावर उचलत. जगातली सर्वांत मोठी चांदीची खाण हाती असलेल्या राजा फिलिप दुसऱ्याने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा देणी थांबवली. इकडे देशात भाव चढत गेले. जिथे पैसा मुबलक तिथे त्याची किंमत कमी, हे नवार्रचा पंडित मार्तिन दे आस्पिलकुएताने १५५६ सालीच मांडले होते. कापड बाहेरून आणणे स्वस्त पडू लागले, कारागीर बसले, आणि ज्याच्या गाठीला चार पैसे जमले तो धंद्यात घालण्याऐवजी सरकारी रोखे घेऊन व्याजावर जगू लागला. गोन्सालेस दे सेयोरिगो या विधिज्ञाने १६०० साली खेदाने लिहिले, त्याचा आशय असा की, स्पेनपाशी पैसा नाही तो पैसा असल्यामुळेच. त्यावर कळस म्हणजे १६०९ पासून पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, राज्याबाहेर हाकलले. व्हॅलेन्सियाच्या बागायती ज्यांच्या घामावर उभ्या होत्या, तेच गेले. याला मी तरी करंटेपणाच म्हणेन.

मग चांदी गेली कुठे? मोठा वाटा पूर्वेकडे. काही मनिलामार्गे चीनला, काही लिस्बन आणि ॲमस्टरडॅममार्गे आपल्याकडे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्या राजाकडेच होता, म्हणजे गोवा त्या साठ वर्षांत फिलिपांच्या नावाने चाले, कारभार पोर्तुगीजांचा असला तरी. मिरी आणि कापड घ्यायला येणाऱ्या जहाजांत आठ रियालांची वेडीवाकडी कापलेली नाणी भरून येत, आणि मुघल मुलखात परके नाणे चालत नसल्याने ती सुरतेच्या टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पडत. महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरत लुटली तेव्हा हाती आलेल्या चांदीत पोतोसीची चांदी नसेल, असे मला तरी वाटत नाही. तेव्हा हा हिशेब फक्त माद्रिद आणि मेक्सिको यांच्यातला आहे, असे समजून आपण दुरून गंमत पाहू नये.

माफीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जुन्या घटना आजच्या विचारांनी तोलू नयेत, असे स्पेनच्या सरकारने तेव्हा उत्तर दिले. ते ऐकायला समंजस वाटते, पण टिकत नाही, कारण त्या काळच्या विचारांनीही त्या तोलल्या गेल्या होत्या. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावर १५११ साली अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन पंथाच्या धर्मगुरूने भर प्रार्थनेत वसाहतवाल्यांना खडसावले, की ही माणसे नाहीत का? बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने आयुष्य या प्रश्नाला वाहिले (आफ्रिकी गुलाम आणावेत असे तोही एकेकाळी म्हणाला होता, आणि त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला), आणि १५५० साली खुद्द राजाने स्पेनमधल्या वायादोलिदला पंडितांपुढे वाद लावला, ज्यात हा विजय न्याय्य मानणारा सेपुल्वेदा एका बाजूला आणि लास कासास दुसऱ्या बाजूला होता. खाणीत सक्ती करू नये असे राजाचे धोरण कागदावर होते. तोलेदोने १५७० साली लिमात अधिकाऱ्यांची आणि धर्मशास्त्र्यांची सभा भरवली आणि सार्वजनिक हितासाठी सक्ती रास्त आहे असा निर्णय मिळवला. अन्याय आहे हे माहीत होते, म्हणून तर पळवाट शोधावी लागली.

प्रश्न उरतो तो माफी घेणाऱ्याचा. १८२५ साली बोलिव्हिया स्वतंत्र झाला, मिता संपली, पण आदिवासींवरचा जुना खंड नव्या प्रजासत्ताकाने लगेच पुन्हा बसवला आणि तो पुढे कित्येक दशके घेतला. म्हणजे स्पेनचे वारस जितके माद्रिदमध्ये आहेत तितकेच बोलिव्हियातही राज्य करत होते. माफी मागायची तर ती ज्या सोळा प्रांतांतून माणसे हाकलली गेली, तिथल्या ऐमारा आणि केचुआ लोकांची मागावी, आणि ती एकट्या स्पेनने मागून भागणार नाही. त्या डोंगरात आजही सहकारी संस्थांचे खाणमजूर जस्त, कथील आणि उरलीसुरली चांदी उकरतात. पोखरून पोखरून शिखर खचू लागल्याने युनेस्कोने २०१४ साली पोतोसीला धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातले.

सेव्हिलमध्ये १७८५ साली स्थापन झालेला इंडीजचा, म्हणजे स्पेनच्या समुद्रापलीकडच्या वसाहतींचा, दफ्तरखाना आहे. तुझा मुलगा पुढच्या वर्षी शिकायला तिकडे जाणार आहे, त्याला तो आवर्जून पाहायला सांग. गोव्यासंबंधी त्यात काय मिळते, हे त्याने विचारून कळवले तर मी ऋणी राहीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माफीबद्दल तुझे मत वेगळे असणार हे मी धरून चाललो आहे, तेव्हा सविस्तर लिही.

तुझा,
माधव