तीन आठवडे दिलेल्या मॉनिटरबद्दल ताईचे जाहीर आभार

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर तू एक अंगठा टाकून कामाला लागली असतीस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय दसऱ्यापासून माझे तीन-चार मित्रही ‘अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा बराच रुंद मॉनिटर, घ्यावा की नाही’ यात अडकलेत. तुझे आभार मानता मानता त्यांचंही काम होईल.

मी फोन केला तेव्हा गेम खेळायला तुझ्यासारखाच ३४ इंची अल्ट्रावाइड घ्यायचं माझं जवळजवळ ठरलंच होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आता नाही घेतला तर आपल्यासारखे बावळट आपणच, असं मी स्वतःला पटवून दिलं. तुझ्याकडून फक्त ‘घे रे’ एवढंच ऐकायचं होतं. तू म्हणालीस, “मी घेतला एडिटिंगची टाइमलाइन लांब दिसते म्हणून. गेमचं मला काय कळतंय? मी तीन आठवडे बंगळूरला चाललेय. घेऊन जा आणि तुझं तू बघ.”

सल्ला मला दहा जणांनी दिला होता, मॉनिटर उचलून कोणी दिला नव्हता.

ठाण्याहून डोंबिवलीला ते खोकं लोकलने आणायचा माझा बेत होता, तोही तूच हाणून पाडलास आणि टॅक्सी करायला लावलीस. घरात पडदा उभा राहिला तेव्हा आई दारातूनच म्हणाली, “हे काय, दुकानाची पाटी आणलीस का?” तिचं चुकलं नव्हतं. रुंदी ८० सेंटिमीटर आणि माझं टेबल ९० चं. स्पीकर जमिनीवर गेले. टेबलाची खोली फक्त दीड फूट, त्यात अर्ध्याहून जास्त जागा स्टँडच्या पायांनी खाल्ली, त्यामुळे पडदा नाकावर आला. शेवटी टेबल भिंतीपासून ओढून स्टँड मागच्या कडेपर्यंत सरकवला, तेव्हा कुठे दोन्ही कडा मान न फिरवता दिसू लागल्या. मॉनिटरची किंमत बघताना टेबल मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

पहिले दोन दिवस तर मी तुझ्या मॉनिटरलाच नावं ठेवत होतो. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आहे म्हणतात आणि सेटिंगमध्ये १०० च्या वर पर्यायच दिसेना. तुला रात्री साडेदहाला फोन केला, तर तू जेवता जेवता विचारलंस, “वायर कुठल्या भोकात घातलीयस?” एचडीएमआयमध्ये घातली होती. त्यावर हा पडदा १०० च्याच वेगाने चालतो. डिस्प्लेपोर्टची वायर खोक्यात, थर्माकोलच्या खाली, पिशवीसकट तशीच होती. ‘गेमचं मला काय कळतंय’ म्हणे!

मग ग्राफिक्स कार्डाची पाळी. माझं आरटीएक्स ३०६०, आजवर २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सुखाने नांदलेलं. तिथे त्याला एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, २०.७ लाख पिक्सेल रंगवायचे असत. तुझ्या ३४४० बाय १४४० वर ते झाले ४९.५ लाख, म्हणजे जवळजवळ २.४ पट. सायबरपंक २०७७ हा गेम त्याच सेटिंगवर सेकंदाला सत्तरच्या आसपास फ्रेम द्यायचा, तो पस्तिशीच्या खाली-वर घुटमळू लागला आणि कॅबिनेटचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. डीएलएसएस (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करायची सोय) लावून आणि सावल्या कमी करून खेळण्याजोगं झालं, पण मला कळून चुकलं की मॉनिटरच्या पाठोपाठ कार्डही घ्यावं लागणार. ही रक्कम माझ्या हिशेबात कुठेच नव्हती.

आता ज्या एका गोष्टीसाठी तुला खरंच मिठी मारावीशी वाटते, ती सांगतो. युरो ट्रक सिम्युलेटर २. शनिवारी रात्री दिवे मालवून ट्रक काढला. एरवी समोरची काच आणि स्टिअरिंग एवढंच दिसायचं. इथे डावीकडचा आरसा डोळ्यांच्या कोपऱ्यात, उजवीकडच्या खिडकीतून शेजारची लेन, पुढे ओला रस्ता आणि वायपर. लेन बदलताना मी खुर्चीत वाकलो, ताई! खरोखर वाकलो. पाणी ठेवायला आलेली आई दोन मिनिटं मागे उभी राहिली आणि म्हणाली, “हळू चालव.” असल्या गेममध्ये अल्ट्रावाइड म्हणजे नुसता मोठा पडदा नाही. वरचं-खालचं दृश्य तसंच राहून बाजूचं जास्त दिसतं. कडेची झाडं थोडी ताणल्यासारखी होतात, पण तिकडे बघतंय कोण.

दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर व्हॅलोरंट, ऑनलाइन नेमबाजीचा खेळ. उजवी-डावीकडे काळ्या पट्ट्या. नेमबाजीच्या खेळात कोणाला शेजाऱ्यापेक्षा जास्त दिसू नये म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी चित्र साध्या मॉनिटरच्या १६:९ या प्रमाणावरच बांधून ठेवलंय. त्यांचं बरोबरच आहे, पण माझा चेहरा पडला. एल्डन रिंग या गेमचीही तीच गत. त्या पट्ट्या काढणारे मॉड (गेममध्ये इतरांनी केलेले बदल) मिळतात, पण त्यासाठी अँटी-चीट (लबाडी पकडणारी यंत्रणा) बंद करून ऑफलाइन खेळावं लागतं. बाबांनी मॅच लावली, तिथेही दोन्हीकडे काळ्या पट्ट्या. ते म्हणाले, “एवढा मोठा टीव्ही आणि चित्र मध्येच का?” मी काय सांगणार!

मग सहज टेप आणली. एकेका बाजूचे ४४० पिक्सेल काळे, म्हणजे दहा-दहा सेंटिमीटर. मधलं उजळ चित्र मोजलं तर साठ सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहतीसच्या आसपास उंच. कर्ण २७ इंच. साध्या २७ इंची १४४०पी मॉनिटरची असते तीच २५६० बाय १४४० पिक्सेलची चौकट. म्हणजे तुझ्या चौतीस इंचांच्या आत एक सत्तावीस इंची मॉनिटर बसला होता आणि मी बहुतेक वेळ त्याच्यावरच खेळत होतो.

कालनिर्णयच्या मागच्या पानावर, आईच्या दुधाच्या हिशेबाखाली, मी तास मांडत होतो. तीन आठवड्यांत व्हॅलोरंट २१, एल्डन रिंग १४, ट्रक ७, सायबरपंक २. चव्वेचाळिसातले पस्तीस तास काळ्या पट्ट्यांसोबत. (हा आकडा मामीपर्यंत पोचू देऊ नकोस. तिला वाटतंय मी ऑफिसचं काम करत होतो. एक्सेलच्या दोन फायली शेजारी शेजारी उघडून काम सुरेख होतं, हेही तितकंच खरं.)

तर मी २७ इंची १४४०पी घेतला. ३६.९ लाख पिक्सेल कार्डाला झेपतात आणि स्पीकर परत टेबलावर आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रविवारी दुपारी लोकलने आणला. दादरला गाडी बदलताना खोक्यावरून दोघांशी भांडण होता होता राहिलं.

ज्याचे दिवस ट्रक, विमानं आणि गाड्या चालवण्यात जातात त्याने खुशाल अल्ट्रावाइड घ्यावा, मी त्याला अडवणार नाही, उलट त्याच्या घरी जाऊन बसेन. माझ्या खेळांना तो नव्हता. तू ‘घे’ म्हणाली असतीस तर मी घेतला असता आणि ‘नको’ म्हणाली असतीस तरी घेतला असता. तू दोन्ही न म्हणता महागाची वस्तू माझ्यासारख्या धांदरटाच्या हाती सोपवलीस, आणि एकदाही ‘नीट ठेवलायस ना’ म्हणून फोन केला नाहीस. त्याबद्दल मनापासून आभार.

पुढच्या वेळी बंगळूरला कधी जाणार ते आधी कळव. ट्रकची एक फेरी अर्धी राहिली आहे.

तुझा,
डोंबिवलीचा आतेभाऊ

ता. क. खोक्यातल्या थर्माकोलचा एक कोपरा माझ्या हातून तुटला. फेविकॉलने चिकटवलाय, पण उघडताना डाव्या बाजूने उघड.